ठकूआक्काची अक्रोडी शाल

फार वर्षांपूर्वीची हकिगत आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितली तेव्हाही ती जुनीच होती. नीट मांडी घालून बसा, आणि मधे मधे "मग काय झालं, मग काय झालं" करू नका. मला सांगता येतं.

आपल्या सावरखिंडीत तेव्हा तीसेक उंबरे होते. थंडी मात्र आजच्या तिप्पट. पौषात खिंडीतून वारा सुटला की गुरं गोठ्यातून बाहेर पडायला तयार नसायची. त्या गावात ठकू नावाची एक शिंपीण राहायची. नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही. घरोघरच्या चोळ्या शिवायची, बंड्या शिवायची, आणि जीभ तिच्या सुईपेक्षा तिखट. पण नजर अशी की, असं म्हणतात, डोळे मिटूनसुद्धा तिला सुईत दोरा ओवता यायचा.

त्या काळी काश्मीरचे शालवाले पाठीवर गाठोडी बांधून आपला घाट उतरायचे. एका हिवाळ्यात रमजान जू नावाचा एक शालवाला खिंडीतच तापानं पडला. सोबतचे पुढे निघून गेले. गावात त्याला कोण घरात घेणार? जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायला लागला. ठकू म्हणाली, "बोटं खाली करा मेल्यांनो, माणूस आहे तो. आणा माझ्या पडवीत."

दोन महिने तिनं त्याला काढे पाजले, पेज भरवली. बरा झाला तेव्हा तिला द्यायला त्याच्याकडे एक विद्या होती, रफूची. गाठोड्यातल्या फाटक्या शाली घेऊन तो तिला पडवीच्या उन्हात बसवायचा. गाठ मारायची नाही, हे पहिलं. आणि दुसरं फार महत्त्वाचं, ते तुम्हीही ध्यानात ठेवा.

"ठकूबहन," तो म्हणायचा, "शालीचं दुखणं शालीनंच बरं करायचं. भोक पडलं तर तिच्याच काठाचा धागा काढायचा. बाहेरचा धागा नवा असतो, ताठ असतो. तो जुन्या विणीला ओढतो आणि शेजारी दुसरं भोक पाडतो."

"मग शाल लहान नाही का होणार?"

"होणार की. पण फाटकी नाही राहणार."

निघताना त्यानं तिला एक शाल दिली. अक्रोडाच्या रंगाची, साधी. ना जर, ना नक्षी, ना लाल काठ. अख्खा गाव बघायला जमला आणि पाटलीणबाई फिसकन हसल्या. "दोन महिने सेवा केलीस आणि हे पोतेरं मिळालं होय गं?" रमजान हसला नाही. त्यानं सांगितलं की फार उंचावरच्या बकऱ्यांच्या पोटाशी जी मऊ लव येते, ती कातरत नाहीत, फणीनं विंचरून काढतात. चार बकऱ्यांची वर्षाची लव तेव्हा कुठे एक शाल होते. "लोक शाल अंगठीतून काढून दाखवतात," तो म्हणाला. "तो खेळ झाला. शाल बघायची ती विसाव्या वर्षी. खोटी असेल तर तोवर टक्कल पडतं तिला. खरी असेल तर आजच्याहून मऊ होते."

तो गेला. ठकूनं शाल अंगावर घेतली. डोक्यापासून टाचेपर्यंत पुरली, आणि अंगावर काही आहे असं वाटेचना, नुसती ऊब. ती बाई कधी कुणापुढे रडली नव्हती, तेव्हा रडली. म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावरचं शिवलं. माझं म्हणून हे एकच आहे. मी मेले की ही माझ्यावर घाला. डोक्यापासून पायापर्यंत. बाकी मला काही नको."

सगळ्या गावानं ते ऐकलं. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घालून तिनं शाल पेटीत ठेवली. असं म्हणतात की त्या पेटीला कसर कधी शिवली नाही.

दुसऱ्याच पौषात पाटलांची सून सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी, ओंजळीत मावेल एवढीशी. अंग निळं पडायला लागलं. घरात काय कमी होतं? गोधड्या होत्या, घोंगड्या होत्या. पण एक गोधडी घातली की त्या जिवाला श्वास घ्यायला जड जाई, आणि काढली की ते गार पडे. जड घालावं तर दबतं, हलकं घालावं तर गारठतं. सुईणीनं हात टेकले.

ठकू न बोलावताच आली, काखेत शाल. दारातच बायकांनी अडवलं. "अगं, काय आणलंस हे? सरणावर न्यायची शाल बाळंतिणीच्या खोलीत? अभद्र कुठली!"

"सरणावर अजून गेलेय का ती?" ठकू कडाडली. "आणि शालीला काय ठाऊक ती कुणाची आहे? सरका बाजूला."

तिनं पोरीला शालीच्या चार घड्यांत गुंडाळून आईच्या छातीशी दिलं. वजन नाही, टोचणं नाही. घटकाभरात पोरीचे ओठ लाल झाले आणि ती अशी रडली की ओसरीवर बसलेले पाटील दचकून उठले. पोरीचं नाव हौसा ठेवलं. सव्वा महिना शाल पाटलांकडे राहिली.

परत आली तेव्हा दुधाचे डाग होते, आणि शेगडीतला निखारा उडून तळहाताएवढं भोक पडलेलं. पाटलीणबाई शाल हातात धरून उभ्या, मान खाली. "आक्का, तुमच्या शेवटाची वस्तू आम्ही जाळली." ठकूला आक्का म्हणायला गावात पहिली सुरुवात त्यांनी केली, हे लक्षात घ्या. पोतेरं म्हणणारं तोंड तेच.

"तुमची पोर जळली नाही ना? मग झालं तर," आक्का म्हणाली.

तिनं रिठ्याच्या गार पाण्यात शाल धुतली, न पिळता सावलीत पसरली, आणि काठाचे धागे काढून आठ दिवस रफू केला. भोक कुठे होतं ते पाटलीणबाईंना बोटांनी चाचपूनही सापडेना. पण शाल चार बोटं कमी झाली. आक्कानं ती पांघरून बघितली तर टाचा उघड्या.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दर थंडीत कुणाचं तरी अशक्त मूल, आणि दर वेळी तीच शाल. धनगरवाड्यात गेली, महारवाड्यात गेली. तेव्हा गावातले दोन शहाणे कुरकुरले, तर आक्कानं त्यांची अशी खरडपट्टी काढली की वर्षभर ते तिच्या दारावरून गेले नाहीत. एकदा उंदरानं कोपरा कुरतडला. एकदा शेळीनं वीतभर चावून खाल्ला. आक्का शिव्या घालायची, धुवायची, काठाचे धागे काढायची आणि रफू करायची. आणि दर संक्रांतीनंतर अंगणात उन्हाला आडवी होऊन ती शाल पांघरून बघायची. आधी घोटे उघडे पडले. मग पोटऱ्या. मग गुडघे. शेजारणी म्हणायच्या, "आक्का, आता पुरे की. तुम्हाला काय उरणार?" तर म्हणायची, "डोकं झाकलंय ना अजून? गप्प बसा." पण घरात जाऊन ती आपले पाय चोळत बसायची. तिलाही हवी होती हो ती शाल. नको होती असं मी कशाला सांगू?

वीस वर्षांनी रमजान पुन्हा आला, पांढऱ्या दाढीचा. त्यानं शालीवरून हात फिरवला. म्हणाला, "मी दिली त्याहून मऊ झालीय. पण बाकीची कुठे गेली?" आक्कानं अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे हात केला. असं म्हणतात की तो म्हातारा तिथेच मातीत बसला आणि शाल डोळ्यांना लावून बराच वेळ उठला नाही. शाल किती मुलांनी पांघरली? कुणी साठ म्हणतं, कुणी दोनशे. आईबापांनी मोजूच दिली नाहीत, पोरांना दृष्ट लागते म्हणून.

हौसा गावातच दिली होती. आक्काकडून ती रफू शिकली आणि म्हातारपणी तिनंच आक्काचं सगळं केलं. अखेरच्या दुखण्यात आक्का एवढंच म्हणाली, "हौसे, जेवढी उरलीय तेवढी घाल बाई माझ्यावर." हौसानं हातावर हात ठेवून वचन दिलं.

पौषातल्या एका पहाटे आक्का गेली. उजाडल्यावर सारा गाव अंगणात जमला. हौसानं शाल काढली. तोवर ती डोक्यापासून कमरेपर्यंतच पुरत होती. तिनं ती आक्काच्या अंगावर घातली, हातानं सारखी केली, आणि पाय उघडे बघून तिला हुंदका आवरेना.

तेवढ्यात तिची नजर कुंपणापाशी गेली. तिथे कुंभाराची म्हातारी उभी होती. पुढे येईना आणि जाईना.

"काय गं मावशी?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

"सुनेचं काय? सगुणा मोकळी झाली का?"

"झाली," म्हातारी म्हणाली. "सातवाच होता. रडत नाही अजून." आणि पदर तोंडात कोंबून तिनं मान फिरवली. मागायला ती आली नव्हती. मागणार कशी? नुसते पाय तिला तिथे घेऊन आले होते.

हौसानं एकदा आक्काच्या तोंडाकडे बघितलं, आणि घातलेली शाल काढून घेतली. आताचे पाटील, म्हणजे तिचा सख्खा बाप, ओरडले, "हौसे! वचन दिलंयस तू! आणि मढ्यावरची शाल जित्या पोरावर घालतेस?"

"शालीला काय ठाऊक ती कुणाची आहे, दादा," हौसा म्हणाली. ती रडत होती. "मी हिच्यातच जगले. आक्कांना काय सांगायचं ते माझं मी सांगेन." आणि ती अनवाणी कुंभाराच्या घराकडे पळाली.

गाव तसाच उभा. उघड्या तिरडीवर आक्का, साध्या लुगड्यात, आणि खिंडीतला वारा सुटलेला. बऱ्याच वेळानं कुंभाराच्या घरातून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत. बायकांनी ऐकला आणि एकमेकींचे हात धरले.

हौसा परत आली, रिकाम्या हातांनी. तिरडीपाशी बसली. तिनं आपल्या लुगड्याच्या काठाचा एक धागा ओढून काढला आणि आक्काच्या उघड्या पायांवर ठेवला. मग पाटलीणबाई वाकत वाकत पुढे आल्या. सुनेचा हात धरूनच चालत होत्या, इतक्या थकल्या होत्या. त्यांनी पदराचा धागा काढला. मग कुंभाराची म्हातारी. मग धनगरणी, महारणी, एकेक आई. मग शालीत वाढलेली ती सगळी दांडगी पोरं. कुणी पागोट्याचा धागा काढला, कुणी धोतराचा, कुणी घोंगडीचा. शिवायला कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, पण काठाचा धागा काढायचा एवढं सगळ्यांना माहीत होतं.

असं म्हणतात की ते धागे आपले आपण एकमेकांत गेले आणि त्यांची शाल विणली गेली, अक्रोडी रंगाची. ते खरं की खोटं, मी बघितलेलं नाही, शपथ घेणार नाही. पण तिरडी उचलली तेव्हा आक्का डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती. वारा एवढा असून एक धागा उडाला नाही. हे मात्र सगळे सांगतात.

ती शाल आजही गावात आहे. तळहाताहून जरा मोठी राहिलीय, आणि हात लावाल तर लावलेला कळणार नाही इतकी मऊ. आता नाजूक मुलं तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात. तरी गावातून कुणीतरी शाल घेऊन जातंच. नर्सबाई आधी नको म्हणतात, मग आईच्या उशाखाली ठेवू देतात.

आणि सव्वा महिना झाला की आई बाळाला घेऊन खिंडीत जाते. तिथे आक्काचा दगड आहे, आडवा, माणसाएवढा. ती पदराच्या काठाचा एक धागा काढते आणि त्या दगडावर ठेवते. कुठेही नाही हं ठेवायचा. खालच्या अंगाला, पायांवर ठेवायचा. डोकं झाकलेलं होतं म्हातारीचं. पाय तेवढे आपण उघडे पाडले होते.