मनोऱ्यावरचे सहा सूर

फार पूर्वी, समुद्रात शिडांचीच गलबतं चालत तेव्हा, एका खाडीच्या तोंडाशी दगडी मनोरा होता. धुकं पडलं की त्या मनोऱ्यावरून सहा तारांचं एक वाद्य वाजे. नखीच्या एकाच सलग फटकाऱ्यात सहा सूर. सूर चढत गेले तर ‘भरती आहे, आत या’. उतरत गेले तर ‘खडक उघडे पडलेत, बाहेरच थांबा’.

वाजवणारे बुवा आता थकले होते. त्यांची शिष्या मात्र भलतीच जोरात होती. मनोरा आपलाच, असं ती धरूनच चालली होती. बापाचं गलबतही याच खाडीत ये-जा करी, त्यामुळे ऐट आणखीच!

पण तिथली एक रीत होती. नव्या वादकाची परीक्षा गलबतं हाकणारे तांडेल घेत. मनोऱ्याकडे पाठ करून ते उभे राहत. सूर चढले तर हात वर, उतरले तर हात खाली.

मुलीनं विजेसारखी नखी फिरवली. निम्मे हात वर गेले, निम्मे खाली.

“अगं पोरी,” एक तांडेल म्हणाला, “हे सूर होते की भांड्यांची उतरंड कोसळली?”

सगळे हसले. तिचा बाप हसला नाही. त्याचा हात तर अर्ध्यावरच लोंबकळत होता.

मुलगी तणतणत बुवांकडे गेली. “बुवा, अजून जलद वाजवू का?”

“उजव्या हाताला काही झालेलं नाही,” बुवा म्हणाले. “नखी तारेवरून तारेवर छान घसरते. खोड आहे ती डाव्या हाताची. सूर वाजला की बोट उचलायचं. तू उचलत नाहीस, म्हणून मागचा सूर पुढच्याच्या अंगावर रेलतो.”

“मग करू काय?”

“हळू वाजव. तुझी तुलाच लाज वाटेल, इतकं हळू.”

कापड मोजणाऱ्या कुणालाही विचारा, हातातला वार सोडल्याशिवाय पुढचा धरता येत नाही. मुलीच्या बोटांना मात्र हे कळायला वेळ लागला. ती धक्क्यावर बसून एक सूर वाजवी, बोट उचली, मग पुढचा.

“काय ताई, डोळा लागला का?” येणारे-जाणारे विचारत.

“मला नाही, वाजून झालेल्या तारेला झोपवतेय!” ती म्हणे.

मग एका सकाळी दाट धुकं उतरलं. भरती होती. ओहोटी लागायच्या आत गलबतं खाडीत यायला हवी होती, आणि त्यांत बापाचंही होतं. थकलेल्या बुवांनी वाद्य तिच्यापुढे सरकवलं.

जुना वेग बोटांत सळसळला. तिनं तो आवरला. जेवढं स्वच्छ वाजेल तेवढ्याच वेगानं तिनं नखी सोडली. सहा सूर, एकामागून एक, सुटे सुटे, चढत गेले.

धुक्यातून बापाचा आवाज आला, “चढते आहेत! आत घ्या रे!”

त्याच्यामागून बाकीची गलबतं आली. सगळी धक्क्याला सुखरूप लागली, तेव्हा तो थट्टेखोर तांडेल मनोऱ्याखाली उभा राहून ओरडला, “पोरी, आज उतरंड शाबूत राहिली गं!”

मनोरा तिला मिळाला. पुढे तिची नखी पूर्वीपेक्षाही जलद फिरू लागली, पण धुक्यातून ते सूर ऐकणारा एकही तांडेल कधी चुकला नाही.

तात्पर्य: काम आधी नितळ करावं, वेग त्याच्यामागून आपसूक येतो.