पाठ टेकली की सोडायचं

फार जुन्या काळी घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात कुस्तीची एक नामांकित तालीम होती. तिथल्या वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायची सहसा कोणाची हिंमत होत नसे. ते म्हणायचे, "या मातीत ज्यानं पाय ठेवला, त्यानं लाठी, पट्टा, भाला, कशाला हात लावायचा न्हाई. एक विद्या, एक गुरू."

वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा म्हणजे हैबती. हैबतीला कुस्तीशिवाय काहीही येत नव्हतं आणि येत नाही याचाच त्याला भारी अभिमान होता. ढाक नावाचा डाव त्याने असा घोटून तयार केला होता की समोरचा गडी उताणा होऊन आभाळ केव्हा बघायला लागला, हे त्या बिचाऱ्यालाही कळत नसे.

त्या तालमीचा एक रिवाज होता. समोरच्याची पाठ मातीला टेकली की त्याच क्षणी पकड सोडायची, हात देऊन त्याला उठवायचं आणि मग वळून वस्तादांच्या पाया पडायचं. पडलेल्याला धरून ठेवणं हे तिथे पाप समजत. रिवाज चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हैबतीच्या तर तो हाडीमाशी खिळला होता. "हा झोपेत उशीलासुद्धा चितपट करतो आणि मग हात देऊन उठवतो," असं त्याची आई शेजारणींना सांगायची.

याच तालमीत भिवा नावाचा दुसरा पठ्ठा होता. त्याचा पाय काही एका जागी ठरत नसे. चार महिने तो शेजारगावी पट्टा फिरवायला शिके, पुढचे चार महिने धनगरांच्या वाड्यावर लाठी. मग आठवण आली की परत तालमीत हजर. वस्ताद त्याला रागावत, पण हाकलून देत नसत.

"भिवा, तू सगळ्या घरचा पाहुणा," हैबती त्याला चिडवायचा. "तुझं घर कुठलं, ते तरी ठरव."

भिवा हसायचा, आणि त्याचं हसू पुरतं संपायच्या आत हैबतीने त्याला मातीत लोळवलेलं असायचं.

एकदा घाटापलीकडच्या गावात जत्रा होती आणि जत्रेत मोठ्या कुस्त्या ठरल्या होत्या. सकाळीच वस्ताद, हैबती आणि भिवा पायी निघाले. भिवाच्या हातात त्याची काठी होती. वस्ताद म्हणाले, "त्ये लाकूड कशाला?" भिवा म्हणाला, "चढाला बरं पडतं, वस्ताद."

घाटाच्या मधल्या वळणावर झाडीतून एक वाटमाऱ्या पुढे आला. हातात नुसता एक सोटा. म्हणाला, "गाठोडी ठेवा नि वाटंला लागा."

आता तुम्हीच सांगा, हैबतीसारखा आडदांड पैलवान समोर दिसत असताना जो माणूस एकटा आडवा येतो, तो एक तर वेडा असतो, नाहीतर त्याने आणखी काहीतरी जवळ लपवलेलं असतं. हैबतीच्या मनात हे आलंच नाही. त्याला दिसला फक्त एक गडी. तो आनंदाने पुढे झाला, सोट्याच्या टप्प्याच्या आत शिरला, मान धरली आणि ढाक मारला. इतका देखणा ढाक त्याने जत्रेतसुद्धा कधी मारला नव्हता. वाटमाऱ्याच्या हातातला सोटा उडाला आणि त्याची पाठ धाडकन जमिनीला टेकली.

आणि हैबतीने पकड सोडली.

नुसती सोडली नाही, तर वाकून हात दिला. वाटमाऱ्या आधी गोंधळला. असं काही त्याच्या जन्मात कोणी केलं नव्हतं. मग त्याने उजव्या हाताने तो हात घट्ट धरला आणि डावा हात कमरेकडे नेला.

"हैबती, त्याचा डावा हात बघ," भिवा ओरडला. पट्टा शिकवणाऱ्या गुरूने त्याला पहिल्या दिवसापासून एवढंच बजावलं होतं, गडी बघू नकोस, त्याचे हात बघ.

पण हैबतीचा विजय झाला होता. वाटमाऱ्याला उठवून तो पाया पडायला वस्तादांकडे वळलासुद्धा. वाटमाऱ्याच्या कमरेतून सुरा निघाला. भिवाने काठी उगारली, ती लाठीसारखी, आणि मधेच मनगट फिरवलं, ते पट्ट्यासारखं. काठी नुसत्या हवेतून फिरली. वाकलेल्या हैबतीला वस्तादांनी दोन्ही हातांनी बाजूला ढकललं आणि सुऱ्याचा वार त्यांच्या उजव्या हातावर बसला.

भिवाचा दुसरा फटका वाटमाऱ्याच्या खांद्यावर लागला. तसा तो सुरा टाकून झाडीत पळाला. हैबती मात्र जागच्या जागी थिजला होता. वस्तादांच्या मनगटातून रक्त गळत होतं आणि त्याला काय करावं हेच सुचत नव्हतं. भिवाने आपला फेटा फाडून हात बांधला, तेव्हा कुठे हैबती बोलला.

"वस्ताद, माझा डाव चुकला का?"

"न्हाई रं," वस्ताद खाली बसत म्हणाले. "तुझं कायबी चुकलं न्हाई. शिकवलं तसंच केलंस तू."

हे ऐकणं हैबतीला जास्तच जड गेलं. चूक झाली असती तर ती सुधारता आली असती. इथे सगळं बिनचूक झालं होतं आणि तरीही गुरू रक्तात बसले होते.

वस्ताद पुढे म्हणाले, "कवा सोडायचं त्ये मी तुला शिकवलं. कवा सोडायचं न्हाई, त्ये मला तरी कुठं ठावं हुतं? माझा सगळा जन्म तालमीच्या हौद्यात गेला." मग ते भिवाकडे वळले. "आन् तू? तुला तर आधीच दिसलं हुतं."

भिवाने मान खाली घातली. "दिसलं, वस्ताद. पण हात कुठल्याच एका विद्येचा न्हाई. त्यो मधीच इचार करत बसला."

ते तिघं तिथूनच माघारी फिरले. जखम भरली, पण वस्तादांच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. ज्या हाताच्या पकडीतून गावातला एकही पैलवान सुटत नसे, त्या हाताला आता पाण्याचा तांब्याही धरवेना. हैबती रोज ते बघायचा.

शेवटी वस्तादांनी दोघांना बोलावलं. भिवाला म्हणाले, "तू आता कुठं जायचं न्हाई. एक वार निवड आन् हात इचार करायचा थांबंस्तवर त्योच मार." आणि हैबतीला म्हणाले, "तू पट्ट्याच्या आखाड्यात जा. पट्टेबाज हुयाला नगं. त्यांस्नी जे दिसतं त्ये बघून ये."

हैबती गेला. ज्याचं नाव पंचक्रोशीत गाजत होतं, तो पैलवान नवख्या पोरांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. पट्ट्याच्या गुरूने विचारलं, "तुला काय येतं?"

हैबती म्हणाला, "मला कुस्ती येते. ती कुठवर पुरते, त्ये बघायला आलोय."

ऐकणाऱ्याने मनात ठेवावं असं तात्पर्य: एक विद्या जीव ओतून शिकावी, त्याशिवाय हाताला बळ येत नाही, पण ती विद्या कुठे संपते, हे तिच्याच अंगणात उभं राहून कधी दिसत नाही.