अकरा व्हॉल्व्ह

“…मग बॉयलर बदलल्याशिवाय खालच्या खोल्या तापणार कशा, अक्का? तुम्हीच सांगा.”

अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं? इंजिनिअर तू.”

विरूपाक्ष मगदूमांनी गळ्याचा मफलर आवळला.

इंजिनिअर ते होतेच. छत्तीस वर्षं साखर कारखान्यात काढलेली. गाळपाच्या हंगामात घरी अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून ते बॉयलरचा दाब सांगत. चेअरमनसुद्धा त्यांना ‘मगदूमसाहेब’ म्हणे. निवृत्त झाल्यावर आता ज्ञान मिळवायचं असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवलेलं मिळवायची सवय असल्यामुळे सरळ अल्मोड्याच्या पुढच्या डोंगरातल्या या मराठी आश्रमात येऊन राहिले. इथं पहिल्याच दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईनं त्यांना हाक मारली, “अरे विरूपाक्ष, पायपुसण्याला पाय पूस की.”

त्या अक्का. बेळगावकडच्या. चाळीस वर्षं आश्रमाची भांडी घासली, मग लोक त्यांना गुरू म्हणायला लागले. भांडी त्या अजूनही घासत.

आश्रमाची इमारत उतारावर होती. वर बारा खोल्या, खाली सात. वर पाहुणे आणि साधक. खाली स्वयंपाकघर, अक्का, आणि आश्रमातच म्हातारी झालेली माणसं. प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी रेडिएटर. मागच्या चढावर बॉयलर; त्यातलं गरम पाणी पाइपांतून फिरायचं, रेडिएटर तापायचे, आणि बर्फातसुद्धा खोल्या उबदार राहायच्या.

यंदा मात्र खालचे सातही रेडिएटर थंडगार.

खोबरेल तेलाचा दगड झाला होता. स्वयंपाकीण द्रुपदाबाई दोन स्वेटरांवर लुगडं नेसून वावरत होत्या. शहरातून मेकॅनिक आला, बॉयलरवर टकटक केली, म्हणाला, म्हातारा झालाय, बदला. त्यानं सांगितलेल्या रकमेत आश्रमाचं वर्षभराचं जेवण झालं असतं.

विश्वस्तांनी निर्णय घेतला. आठ दिवसांत काही झालं नाही, तर खालच्या सगळ्या म्हाताऱ्यांना हिवाळाभर हरिद्वारला एका धर्मशाळेत ठेवायचं.

खालच्या शेवटच्या खोलीत दाजीबुवा राहत. वय शहाऐंशी, डोळे गेलेले, गळा आणि तंबोरा शाबूत. निर्णय ऐकून ते हसले.

“मला न्या खुशाल,” ते म्हणाले, “पण पोत्यात घालून न्या. चालत मी जाणार नाही.”

मगदूमांना हे ऐकून गलबललं, आणि खरं सांगायचं तर थोडा हुरूपही आला. त्यांच्या ओळखीचे चार कारखानदार होते. नवा बॉयलर आणता आला असता. त्यावर पितळी पाटीही लावता आली असती.

तीन दिवस त्यांनी खालचा मजला पिंजून काढला. सातही रेडिएटर ठोकून पाहिले, पाइपांना कान लावले, पंपाशी ओणवं होऊन बसले. शेवटी निष्कर्ष तोच.

“बॉयलरच,” ते म्हणाले.

“बरं,” अक्का म्हणाल्या, आणि तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मगदूम तणतणत खाली आले. हातात मातीचं मडकं.

“हे माझ्या खोलीत कुणी ठेवलं? रेडिएटरच्या मागं! फसफसतंय, खोलीभर वास सुटलाय!”

“मीच ठेवलं,” द्रुपदाबाई म्हणाल्या. “खाली दही लागत नाही ना.”

“म्हणून माझ्या खोलीत?”

“तुमची सगळ्यांत गरम.”

अक्कांनी मडक्यात बोट बुडवून चाटलं. तोंड असं वेडंवाकडं झालं की द्रुपदाबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाशी धरला.

मग अक्का उठल्या. ओट्याखालून दुसरं मडकं काढलं. त्यात कालचं दूध तसंच होतं, पातळ, पांढरं. दोन वाट्या घेतल्या. एकीत ते दूध, दुसरीत आंबून कडू झालेलं दही. दोन्ही मगदूमांसमोर मांडल्या.

“एकाच म्हशीचं,” त्या म्हणाल्या. “विरजणही एकच.”

आणि भांडी घासायला बसल्या.

मगदूम वाट्यांकडे बघत राहिले…

रागानं आधी, मग नुसतेच.

मग त्यांचा हात आपोआप कानाशी गेला, जसा कारखान्यात एखादं यंत्र वेगळं वाजलं की जाई.

दूध एकच… पाणीही एकच. बॉयलर एकच. तो म्हातारा होऊन दमला असता, तर वरही थंड असायला हवं होतं. वर तर दही आंबतंय!

“द्रुपदाबाई,” ते एकदम म्हणाले, “मी येण्याआधी वर यंदा काही काम काढलं होतं?”

“रंग दिला की दिवाळीआधी. रंगाऱ्यांनी भिंतीवरचे ते तापणारे लोखंडाचे पत्रे काढून ठेवले होते, परत बसवले.”

मगदूमांनी कपाळावर हात मारला आणि गुडघा दुखतो हे विसरून जिना चढले.

वरच्या रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात, एका टोपणाखाली, छोटासा व्हॉल्व्ह होता. आत पाणी किती जाऊ द्यायचं हे त्यावर ठरे. रंगाऱ्यांनी परत बसवताना वरचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण मोकळे सोडले होते. बॉयलरकडून येणारं पाणी आधी वरच्या खोल्यांना लागे. सताड उघडं दार दिसल्यावर ते खाली कशाला जातंय? वरच्या वर फिरून परत जायचं.

तीन दिवस ते थंड रेडिएटर तपासत बसले होते. गरम रेडिएटरकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मगदूम एकटेच मोठ्यानं हसले. मग पाना घेऊन निघाले.

प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा आवळायचा, काम सोपं होतं; माणसं अवघड होती. एका निवृत्त न्यायाधीशांनी विचारलं, याला स्थगिती मिळेल का. एक साधक उघड्या अंगानं ध्यानाला बसत. त्यांचं म्हणणं, ऊब गेली की समाधी लागायची नाही.

“साधकानं थोडी थंडी सोसावी,” मगदूम त्यांना म्हणाले. “सदरा घाला.”

प्रत्येक खोलीत त्यांनी हेच सांगितलं आणि प्रत्येक खोलीत ते त्यांना जरा जास्तच पटत गेलं.

*

दुसऱ्या दिवशी खाली गलका उडाला. द्रुपदाबाईंनी एक स्वेटर काढला. कुणीतरी खोबरेलाची बाटली हलवून दाखवली. एकेक करत सहा खोल्या कोमट झाल्या.

सातवी झाली नाही.

दाजीबुवांच्या खोलीतला रेडिएटर विहिरीच्या कठड्यासारखा गार. मगदूमांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पाइप ठोकला, पंप वाढवून पाहिला. मग खांदे पाडून अक्कांकडे आले.

“शेवटचा पाइप गाळानं तुंबलेला दिसतोय. फरशी फोडावी लागेल. नाहीतर मग बॉयलरच…”

अक्का भांडं विसळत होत्या.

“मी माझ्याकडून सगळं केलं, अक्का.”

“होय की.” त्यांनी हात पुसले. “वर खोल्या किती रे?”

“बारा.”

“व्हॉल्व्ह किती फिरवलेस?”

मगदूमांनी पायांकडे पाहिलं.

चुलीवरचं आधण उकळत होतं.

“अकरा,” ते म्हणाले. मग घाईनं, “माझा गुडघा, अक्का. डॉक्टरांनी सांगितलंय, गारठा लागू द्यायचा नाही.”

“खरंच की. गुडघ्याला ऊब पाहिजेच,” अक्का म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यांना उत्तर देता आलं असतं. बाई मनापासून बोलली होती, आणि त्यामुळेच मगदूमांना तिथं उभं राहवेना.

ते वर गेले. त्यांची खोली बॉयलरच्या सगळ्यांत जवळ, ओळीतली पहिली. बाकी सगळे व्हॉल्व्ह आवळल्यावर उरलेलं पाणीही इथंच तर घुसत होतं. कालपासून खोली आणखीच गरम झाली होती. त्यांना ते जाणवलं होतं. बरं वाटलं होतं.

त्यांनी पाना लावला. अर्धा फेरा… थांबले. आणखी अर्धा.

मग रेडिएटरवर तळवा ठेवून तो निवत जाताना अनुभवत बसले. उठले तेव्हा मफलर गळ्यातून काढून गुडघ्याला गुंडाळला. आरशात बघून स्वतःलाच म्हणाले, “मगदूमसाहेब, साधकानं थोडी थंडी सोसावी.”

सकाळी खालून तंबोरा ऐकू आला.

ते धावतच गेले. दाजीबुवा रेडिएटरला पाठ टेकून बसले होते, मांडीवर तंबोरा.

“कोण? विरूपाक्ष? या, हात लावून बघा!”

मगदूमांनी हात लावला. “कोमटच आहे, बुवा,” ते ओशाळून म्हणाले.

“कोमट? अहो, पंधरा दिवसांनी बोटं माझी झाली!” आणि बुवांनी तार छेडली. त्या खोलीत काही गाणं वगैरे झालं नाही. बुवा नुसते सूर जुळवत होते, पुन्हा पुन्हा, खूश होऊन. मगदूम जमिनीवर बसून ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दाजीबुवांना दिसणार नाही हे माहीत असूनही त्यांनी ते लपवून पुसलं.

हरिद्वारची जीप रद्द झाली. मगदूमांनी मेकॅनिकला फोन करून कळवलं, बॉयलर नको.

“दुरुस्त कुणी केला, साहेब?” पलीकडून आवाज आला.

‘मी’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

“दही लावणाऱ्या बाईंनी,” ते म्हणाले, आणि फोन ठेवून कितीतरी वेळ हसत राहिले.

त्या दुपारी त्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि अक्कांच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. बोलायचं ते मनाशी दोनदा म्हणून आले होते.

अक्का मोज्याची टाच शिवत होत्या.

“अक्का, दोन महिने झाले मला येऊन. आजवर तुम्ही मला एकदाही काही शिकवलं नाहीत. मी विचारलंही उद्धटपणे, ते मला आता समजतंय. आज मी नीट विचारायला आलोय. मला…”

पुढचं वाक्य पाठ होतं, तरी येईना.

उंबऱ्यावरचा वारा आत येऊन अक्कांच्या हातातला दोरा हलवत होता. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“विरूपाक्ष,” त्या म्हणाल्या, “आत ये नि दार लोटून घे की. ऊब जातेय.”