खिंडीतला तांब्या

फार पूर्वी एका उंच डोंगराच्या दोन अंगांना दोन बहिणी नांदत होत्या. थोरली समुद्राच्या बाजूला, धाकटी पलीकडच्या कोरड्या गावात. मध्ये एक खिंड आणि अर्ध्या दिवसाची वाट.

समुद्रावरून ढग यायचे, डोंगर चढता चढता सगळं पाणी तिकडेच टाकायचे आणि माथ्यावर पोचेपर्यंत रिकामे व्हायचे. धाकटी दारात उभी राहून माथ्याकडे बघत राहायची. आपल्या शेतात एकदा तरी पोटभर पाऊस पडावा, एवढंच तिचं मागणं.

एकदा थोरलीकडे गेली असता ती रागाने बोलून गेली, "अक्का, माझ्या वाटचा पाऊस तू खातेस! तांब्याभर तरी पाठव कधी." थोरली हसली. धाकटीला ते हसणं झोंबलं आणि तिने येणं-जाणं तोडलं. पाच वर्षं गेली. आता पावसासाठी झुरायची तशी ती अक्कासाठीही झुरायची, पण सांगेल कशी? हट्ट केवढा बाईचा!

मग समुद्रात मोठं वादळ उठलं. दोन दिवस माथा काळाकुट्ट, धाकटीच्या अंगणात मात्र चार थेंब. "बघा, यंदाही सगळं तिकडेच!" ती कडाडली.

तेवढ्यात खिंडीतून एक मेंढपाळ धापा टाकत आला. "बाई, पलीकडचं गाव पाण्यात गेलं. ढग डोंगराला अडून तिथेच कोसळतायत. डोंगर नसता तर हे वादळ आपल्यावरच आलं असतं."

धाकटी तशीच घरात धावली. तिने भाकऱ्या बांधल्या, घोंगडी घेतली.

सासू म्हणाली, "अगं, तू तर तिचं तोंड बघणार नव्हतीस ना?"

"आत्याबाई, तेच बघायला निघालेय."

खिंडीपर्यंत पदर कोरडा होता. चार पावलं पुढे गेली, तर अंगावर घागरी ओताव्यात तसा पाऊस. श्वास घेता येईना. याच्यासाठी झुरत होते मी? तिला रडू फुटलं. "अक्का गं!" ती हाका मारत सुटली.

खालून थोरली येत होती. अंगभर चिखल, हातात भरलेला तांब्या.

"घर गेलं गं," ती म्हणाली. "माणसं वाचली, मागून येतायत."

"आणि हा तांब्या कशाला?"

"पळताना एवढाच हाताला लागला. वाटेत आपोआप भरला. म्हटलं, धाकटीने मागितलाय, नेऊ या."

धाकटीने तिला घोंगडीत घेतलं आणि घरी आणलं. ते पाणी तिने शेतात ओतलं नाही. दारात बसून त्याच पाण्याने अक्काचे पाय धुतले.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या अंगणातला पाऊस मोजताना त्याच्या छपराकडेही बघावं.