तिसरा पुकारा

"तोंडाला कशाला रं माती?"

बाबालाल वस्तादांनी विचारलं, तेव्हा बस्त्याव आखाड्याच्या कडेला उकिडवा बसून गालांना, कपाळाला तांबडी माती चोळत होता.

"घामानं हात निसटतो, वस्ताद."

"तोंडाला कोण धरतंय तुझ्या?"

बस्त्यावनं आणखी एक मूठ माती उचलली.

बस्त्याव सिद्दी हल्याळच्या रानाकडचा. सिद्दी मुळची आफ्रिकेतली, पण पणज्या-खापरपणज्यापासून इथलीच माणसं ती. फक्त रंग काळाभोर आणि केस बारीक कुरळे. कॉलेजसाठी कोल्हापुरात आला आणि वस्तादांच्या तालमीत राहिला. अंगात रग अशी, की याच्याबरोबर जोर मारताना दुसऱ्याला धाप लागायची. कुणापुढं मान म्हणून खाली घालायची नाही.

आज विद्यापीठाच्या कुस्त्यांची शेवटची लढत होती. जिंकला की विद्यापीठाच्या संघात जागा पक्की.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "कालच्या कुस्तीत मी समोरच्या पोराला चितपट केलं. तरी लोक माकडासारखे आवाज काढत होते. आफ्रिकेला जा म्हणाले. पडलेला पोरगा उठला, माझ्याशी हात मिळवला अन् तो हात मांडीला पुसला. पंचांनी बघितलं... अन् दुसरीकडं तोंड केलं."

"मग?"

"मग काय. मातीत सगळे सारखे, असं तुम्हीच म्हणता ना? आज सारखा दिसतो."

वस्ताद सावकाश उठले, कळशी घेऊन आले आणि आपल्या हातानं त्याचं तोंड धुतलं. लेकराचं धुवावं तसं, कानामागंसुद्धा. मग खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं.

बस्त्यावला लाज वाटली. पण त्यानं तोंड मागं घेतलं नाही.

तेवढ्यात पुकाऱ्याचा कर्णा बोलला. "हबशी पैलवान, आखाड्यात या."

माणसं हसली. समोरचा पैलवान मातीत उतरून शड्डू ठोकायला लागला होता.

बस्त्याव उठला. वस्तादांनी मागून लंगोटाला धरून त्याला खाली बसवलं.

"बस."

"पुकारा झाला, वस्ताद."

"तुझा कुठं झाला?"

दुसरा पुकारा आला. तसाच, हबशी पैलवान म्हणून. तिसऱ्यालाही उतरला नाही तर समोरच्याचा हात वर, हा तिथला नेम. बस्त्यावनं उठायला जोर लावला. इतकी पहाटेची मेहनत, आणि हा म्हातारा लंगोट सोडत नाही.

"सोडा, वस्ताद. कुस्ती जाईल माझी."

वस्तादांनी दुसऱ्या हातानं चंची काढली आणि सुपारी चाचपू लागले.

पंच लगबगीनं आले. "काय हे, वस्ताद? तुमचा पैलवान उठत का नाही?"

"त्याला कुणी बोलावलंय व्हय?"

"दोनदा बोलावलं की."

"आसंल. म्हातारा माणूस मी... काय नाव घेतलं म्हणायचं?"

पंचांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, पण बस्त्याव समोरून त्यांच्याकडंच बघत होता, डोळे न हलवता. शब्द काही बाहेर पडेना.

पंच मागं वळले. कर्ण्यावर बोलणाऱ्यापाशी जाऊन खाली वाकून काहीतरी बोलले. गलका हळूहळू बसला...

"बस्त्याव सिद्दी."

वस्तादांनी हात सोडला.

बस्त्याव दोन पावलं गेला. मग तो थांबला आणि वळला.

"वस्ताद, तिसऱ्यांदाही त्यांनी तसंच म्हटलं असतं तर? हरलो असतो की."

"कोण, हबशी पैलवान?" वस्तादांनी सुपारी तोंडात टाकली. "हरंना का. आपल्या तालमीत कुठं हाय तो?"