साथ संपल्याची घोषणा

एका लहानशा संस्थानात प्लेग शिरला. राजेसाहेबांनी फर्मान काढले, की साथ संपेपर्यंत घरपट्टी माफ आणि कोर्टातले दावे, जप्त्या बंद. घरोघरी माणसे मरत होती. लोकांना तेवढाच आधार होता.

तिजोरी आटू लागली तसे दिवाण त्र्यंबकराव अस्वस्थ झाले. ते स्वतः प्लेगच्या भीतीने शहराबाहेर तंबू ठोकून राहत होते. त्यांनी लोकांना बोलावून ओढ्यापलीकडे उभे केले आणि अलीकडून सुनावले, "साथ संपली. उद्यापासून पट्टी भरा, नाहीतर घरे जप्त होतील."

गर्दीत सुभद्रा तांबट होती. आठवड्यापूर्वीच तिचा नवरा आणि मुलगा प्लेगने गेले होते. तिने पदराची गाठ सोडून पैसे काढले आणि ती ओढ्यात उतरली.

"तिथेच थांब, अलीकडे येऊ नकोस," दिवाण खुर्ची मागे सारत म्हणाले.

"पट्टी तुमच्या हातात द्यायला येतेय, सरकार. साथ संपली ना?"

शेवटी खाली मान घालून दिवाणांनी सवलत चालू ठेवल्याचे सांगितले.

सुभद्रा परतली. घर वाचले होते, पण ते सांगायला घरात कोणी उरले नव्हते.