काचेमागचे हिरवे पुस्तक

बुधवार, बारा एप्रिल. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही.

मैनाची इवलीशी बहीण छबी सुकलेल्या पाकळीसारखी पडून होती. दोन दिवस जुलाब चालू होते. आईने पाणीही तोडले होते. "दिलं की लगेच बाहेर येतंय," ती म्हणाली. "नको देऊस."

मैनाला ते पटेना. शाळेच्या कुलूपबंद काचेच्या कपाटात बाळांच्या आजारांचे एक हिरवे पुस्तक होते. काचेतून तिने सगळ्या पुस्तकांची नावे वाचली होती. आतले पान मात्र एकही नाही.

"गुरुजी, एकच पुस्तक द्या."

"हात बघ तुझे. शेणाने भरलेत. सोमवारी साहेब तपासणीला येणार, पुस्तकं कोरी दिसायला हवीत."

"पुस्तक मळलं तर पुसता येईल, गुरुजी. छबीचं काय?"

"जा, बाहेर खेळ."

मैना शाळेच्या बागेत गुलबक्षीपाशी मुठी आवळून बसली. कान तापले होते. समोर पुस्तकं कुरतडणारी चिमुकली रुपेरी कसर मुंग्यांनी घेरली होती. एवढ्या रागातही मैनाने तिला हळूच पानावर उचलले. पान चमचमले, आणि कसरीची परी झाली. पंख चांदीचे, झुळझुळीत. नाक रागाने फुगलेले.

"नऊ वर्षं त्या कपाटात काढली," परी म्हणाली. "एकाही मुलाचं बोट पानाला लागलं नाही. वर डांबराच्या गोळ्या. फटीतून निसटले म्हणून वाचले. माग, एक इच्छा. पण तू जे वाचलंयस, तेवढंच मला देता येतं."

"छबीला बरं कर."

"ते कुठे वाचलंस?"

मैनाने बोटांवर कप्पे मोजले. मग म्हणाली, "पुस्तकाचं नाव वाचलंय. तिसरा कप्पा, डावीकडून सातवं."

"नावं तर सगळ्यांची वाचलीस. सगळंच माग की."

"सगळं वाचेपर्यंत छबी थांबायची नाही. तेच दे."

हिरवे पुस्तक अलगद तिच्या मांडीवर उतरले. पान बावीस: पाणी तोडू नये. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. थोडे थोडे पाजत दवाखान्यात न्यावे.

"आता माझी इच्छा," परी फणकारली. सोनेरी-गुलाबी झोतात कपाटाचे कुलूप मेणासारखे वितळले आणि त्याच उजेडात ती विरून गेली.

मैनाने ते पान आईला वाचून दाखवले, आणि छबी तीन वाजता पहिला चमचा प्यायली. शुक्रवारी दवाखान्यातून घरी आली. सोमवारी साहेब आले तेव्हा कपाट रिकामे होते. एकशे त्रेचाळीस पुस्तके मुलांच्या घरी होती. हिरव्या पुस्तकाच्या बाविसाव्या पानावर शेणाने भरलेल्या अंगठ्याचा एक ठसा होता.